सासऱ्यांची भरीव बंदूक

...बरं, माझं म्हणणं काय, आरोपीने वकिलाशी खोटं बोलावं. बोलावंच! त्यावर तर आमचा धंदा चाललाय. पण आरोपीच म्हणायला लागला की 'वकीलसाहेब, मी निर्दोष आहे असं कोर्टात अजिबात म्हणायचं नाही', तर वकिलाने करायचं काय? कोट काढून खुंटीला टांगायचा? आणि तो आरोपी सासरा असला तर? तुम्हाला सांगतो, वकिली एक वेळ सोपी, सासरेही एक वेळ सोपे, पण सासऱ्यांची वकिली... वैऱ्यावर येऊ नये अशी वेळ! आणि ती यावी कुणावर? माझ्यावर! अहो, मी भाडेकरार करणारा माणूस!

हसू नका. गावात वकील पुष्कळ असतात, कुणी खुनाचे खटले चालवतो, कुणी दरोड्याचे, मी भाडेकरार करतो. कोर्टाच्या फाटकाबाहेर जिन्याखाली माझं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि एक प्रिंटर, जो फक्त सकाळी चालतो. नळ गळला तर कुणी दुरुस्त करायचा, भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, कुत्रं पाळायचं की नाही, एवढंच माझं कायद्याचं जग. आणि माझी एक पद्धत आहे. करार मोठ्याने वाचून दाखवला, की सही करायच्या आधी मी दोन्ही पार्ट्यांना विचारतो, 'मजकूर मान्य आहे? आणखी काही सांगायचं आहे का?' विचारावंच लागतं हो! माणसाला खरी गोष्ट आठवते ती पेन हातात घेतल्यावर. एका भाडेकरूला सही करता करता आठवलं की तो घरी ट्रम्पेट शिकवतो. चौदा मुलांना. बघा! न विचारता राहिलो असतो तर घरमालक बहिरा झाला असता आणि शिव्या मला. तर ही माझी वीस वर्षांची सवय. झोपेतसुद्धा विचारतो, असं बायको म्हणते.

आता सासरे. सासरे म्हणजे... पाणीपुरवठ्यात होते. मीटर वाचायचे. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचले, कंबर गेली, गुडघे गेले, आता वय चौऱ्याहत्तर. मांजरासारखा गरीब माणूस, रस्ता ओलांडताना सायकलवाल्यालासुद्धा 'आधी तुम्ही जा' म्हणणारा. पण यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या बरोब्बर वर, भिंतीवर एक बंदूक! लांबलचक, लाकडी दस्त्याची, पितळेची फुलं ठोकलेली. मी लग्नाचं बोलायला गेलो, तर मुलीच्या आधी मला बंदूक दाखवली. 'जावईबापू,' अजून होकार नाही, काही नाही, थेट जावईबापू! 'हिने बिबट्या लोळवलाय.' आणि मग दीड तास बिबट्या. चहा गार झाला, माझे वडील डुलक्या घ्यायला लागले, पण बिबट्या काही मरेना.

लग्नाच्या वेळी तो बिबट्या पाच फूट होता. आम्हाला मुलगी झाली तेव्हा साडेसहा. गेल्या वर्षी बँकेतल्या कॅशियरला सांगताना मी स्वतः ऐकलंय, आठ फूट, शेपूट सोडून! मेल्यानंतर वाढणारा जगातला एकमेव प्राणी! पण बोलायची सोय नाही, कारण बायको. बायको त्या बिबट्यावर वाढलेली. शाळेत तिने निबंध लिहिला होता, 'माझे शूर बाबा', त्याला कप मिळाला. तो कप आमच्या घरी आहे. कपाटात, काचेमागे. माझी वकिलीची सनद कपाटाच्या मागे आहे. यावरून काय ते समजा.

आता एवढी शूर बंदूक, तिची निगा नको? दर रविवारी सकाळी दहा वाजता सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसणार, बंदूक मांडीवर घेणार, गजाला फडकं गुंडाळणार, तेलात बुडवणार आणि नळीत घालून खसाखसा... खसाखसा... सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. पस्तीस वर्षं! एक रविवार चुकला नाही. आणि त्या दिवशी नेमकं तेल सांडलं. कुठे सांडलं? खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांचे पांढरे झगे दोरीवर वाळत होते. सहा झगे! दातवाले वर आले. रागाने लाल झालेले. 'ओ काका, हे काय चाललंय?' आता सासऱ्यांनी काय म्हणायला हवं होतं? 'चुकलं, धुऊन देतो.' संपलं! पण हातात बंदूक होती ना! हातात मीटरची वही असती तर माणूस नमला असता. पण बंदूक! हे उठले, छाती काढली आणि म्हणाले, 'बिबट्याला नाही घाबरलो, तर दातवाल्याला घाबरू?' झालं. दातवाले खाली गेले ते तसेच पोलिसांत. 'बंदूक रोखून जिवे मारण्याची धमकी.'

हवालदार आला. तुम्हाला सांगतो, देवमाणूस! मी नंतर त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्याने भिंतीकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, सासऱ्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि काय म्हणाला? 'आजोबा, शोभेची आहे ना ही? शोभेची आहे म्हणा, मी चहा घेऊन जातो.' अहो, याहून मोठी संधी माणसाला आयुष्यात मिळते का? कायदा स्वतः दारात येऊन सांगतोय, खोटं बोल आणि सूट! त्यातही ते खोटं नव्हतंच, पण ते पुढे येईल. तर सासरे म्हणतात, 'शोभेची? ही? अहो हवालदार, हिने...' आणि बिबट्या सुरू! हवालदाराने शांतपणे लिहून घेतलं, 'शस्त्र चालू स्थितीत असल्याचे आरोपीने स्वखुशीने सांगितले.' 'परवाना?' 'बिबट्याने विचारला होता का परवाना?' 'परवाना नाही,' हवालदाराने लिहिलं. सासरे म्हणाले, 'आणि बिबट्याचं लिहा की!' हवालदार म्हणाला, 'आजोबा, बिबट्याला रकाना नाही.' आणि नेलं. बंदूक एका पोत्यात, सासरे दुसऱ्या बाजूला, आणि जिन्यातून उतरताना हे शेजाऱ्यांना हात करतायत! निवडून आल्यासारखे!

जामिनावर आणलं. धमकीचं बाजूलाच राहिलं, कलम निघालं विनापरवाना शस्त्राचं, शिक्षा तीन वर्षं. तीन वर्षं! ज्या माणसाला रात्रीतून चारदा उठावं लागतं आणि उठताना दर वेळी कुणाचा तरी हात लागतो, तो तीन वर्षं कसा काढणार? मी बायकोला म्हणालो, चांगला फौजदारी वकील बघू. ती म्हणाली, 'घरात वकील असताना?' मी म्हटलं, अगं, मी भाडेकरार करणारा माणूस! तर म्हणते, 'मग बाबांना काय भाड्याने ठेवायचं तुरुंगात?' आणि पुढची अट ऐका. डोळ्यांत पाणी, आवाजात लोखंड. 'बाबांना सोडवून आण. पण बाबांची बंदूक खोटी आहे असं म्हणायचं नाही. म्हणालास, तर मी आईकडे निघून जाईन.' आता आईकडेच सगळा घोळ आहे, तर जाणार कुठे? पण हे बोलायचं नसतं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ना? म्हणत असतील. माझ्या पत्रिकेत बाकीचे नऊ यांच्याच घरचे निघाले.

कोर्टात एक म्हातारे वकील आहेत, त्यांना सगळे जामीनकाका म्हणतात. चाळीस वर्षं चोर-दरोडेखोर सोडवतायत, दातांत सुपारी धरल्यासारखे हळू बोलतात. त्यांच्यासमोर मी रडलो. ते म्हणाले, 'गुन्हा शस्त्राचा आहे ना? मग आधी शस्त्र आहे का ते बघ की बाबा. तपासणीला पाठव.' आणि निघताना कोट धरून म्हणाले, 'आणि एक लक्षात ठेव. उत्तर माहीत नसेल तर कोर्टात प्रश्न विचारू नये. केस जिंकल्यावर तर मुळीच विचारू नये.' मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

मग मी सासूबाईंना गाठलं. एकट्यांना, स्वयंपाकघरात. त्या ओट्यापाशी शेंगा सोलत होत्या. म्हटलं, 'आई, बंदूक आली कुठून?' त्यांनी दाराकडे पाहिलं, शेंगा बाजूला सारल्या आणि हळूच म्हणाल्या, 'फोटो स्टुडिओतून.' तो म्हणे कोपऱ्यावर होता एक. लोक तिथे हातात बंदूक धरून, भुशाच्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचे. स्टुडिओ बंद पडला, सामान मोडीत निघालं. 'मग वाघ का नाही आणला?' मी विचारलं. 'वाघाला कसर लागली होती,' सासूबाई म्हणाल्या.

'आणि बिबट्या?'

तर बिबट्याची हकिगत अशी. लग्नानंतर पाचव्या वर्षी दोघं पोरीला घेऊन जंगलातल्या विश्रामगृहावर गेली. दिवेलागणीला खिडकीत काहीतरी धप्पकन पडलं. सासरे पलंगाखाली. सासूबाईंनी कंदील धरून पाहिलं, मांजर! भाजीच्या टोपलीत तोंड घालून बसलेलं. त्यांनी ते 'शुक' करून हाकललं, सासऱ्यांना पायाला धरून बाहेर काढलं, विषय संपला. 'पण परत आल्यावर कुणीतरी विचारलं, जंगलात काय पाहिलंत? यांच्या तोंडून निघून गेलं, बिबट्या. आणि पोरगी मांडीवर होती हो... चार वर्षांची. ती यांच्याकडे अशी बघायला लागली, अशी बघायला लागली... मीटर वाचणाऱ्या माणसाकडे तसं कुणी बघत नाही. मग भिंतीवर बंदूक आलीच. बंदुकीशिवाय बिबट्या मरतो कसा?' आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मी चार शेंगा सोलून दिल्या.

मग सासऱ्यांपुढे बसलो. म्हटलं, 'बाबा, आपण म्हणणार, बंदूक चालत नाही.' माणूस पांढरा पडला हो! भिंतीवर बंदुकीच्या जागी नुसते दोन खिळे, त्यांच्याकडे बघत बसले. मग अगदी बारीक आवाजात, 'चालत नाही म्हणा... पण पूर्वी चालायची म्हणा.' बायकोला विचारलं, तीही राजी. पूर्वी चालायची! मी म्हटलं, चला, ठरलं. असा तडजोडीचा मजकूर मी आयुष्यभर लिहीत आलोय. 'नळ आता गळतो, पण ताबा देताना गळत नव्हता.' त्यातलाच प्रकार.

तारीख आली. कोर्टात गर्दी ही! बिल्डिंग सगळी हजर, कॅशियर हजर, दातवाले पुढच्या बाकावर, स्वच्छ झगा घालून. बायको दुसऱ्या बाकावर, शेजारी सासूबाई. सासरे इस्त्रीचा कोट घालून आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि टेबलावर मुद्देमाल, म्हणजे बंदूक, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. न्यायाधीशबाई कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी उठलो, तोंडातून निघालं काय? 'महोदया, माझे भाडेकरू...' आपलं, आरोपी! 'सदर मालमत्ता...' आपलं, बंदूक! पहिल्या पाच मिनिटांत मी बंदुकीचा ताबा, बंदुकीची डागडुजी आणि बंदुकीची पाणीपट्टी इथपर्यंत पोचलो होतो. सरकारी वकील टेबलाखाली तोंड घालून हसत होता. बाई म्हणाल्या, 'वकीलसाहेब, तुम्हाला बंदूक भाड्याने द्यायची आहे का?' अहो, काय सांगू त्यांना? मी भाडेकरार करणारा माणूस!

आणि मग आला शस्त्रांचा तज्ज्ञ. सर्दीने बेजार, किडकिडीत माणूस, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात अहवाल. मी पहिलाच प्रश्न टाकला, 'ही बंदूक सध्या चालते का?' सध्या! शब्द बघा कसा पेरला! तो शिंकला. 'नाही.' मी मागे वळून बायकोकडे पाहिलं, ती मान डोलावतेय. 'म्हणजे पूर्वी चालत असावी, आता गंजली, असंच ना?' आणि तो म्हणतो, 'नाही. ही कधीच चालत नव्हती. नळीला दीड इंचापुढे भोकच नाही. पुढे सगळं भरीव लोखंड आहे.'

तुम्हाला सांगतो, दीड इंच! म्हणजे पस्तीस वर्षं, दर रविवारी, हा माणूस दीड इंचात गज खसाखसा... मी सासऱ्यांकडे बघितलं नाही. धीरच झाला नाही. बायकोकडे तर मुळीच नाही.

सरकारी वकील उठला. 'पण या वस्तूने इजा होऊ शकते की नाही?' तज्ज्ञ शिंकला, विचार केला, म्हणाला, 'फार तर उलटी धरून डोक्यात घालता येईल.' 'बघा महोदया! म्हणजे शस्त्रच!' आणि आता माझ्या अंगात कुठून वारं शिरलं देव जाणे, मी ताडकन उठलो. 'डोक्यात तर छत्रीही घालता येते! इस्त्री घालता येते! सरकारी वकिलांच्या हातातला हा कायद्याचा ग्रंथ घाला कुणाच्या डोक्यात, जागेवर आडवा होईल! आहे यांच्याकडे परवाना?' लोक हसले, बाई हसल्या, दातवाले सोडून सगळे हसले. बाईंनी पेन उचललं आणि वाचत वाचत लिहायला लागल्या, 'सदर वस्तू ही बंदूक नसून बंदुकीच्या आकाराचे लोखंड आहे. सबब आरोपी... निर्दोष.'

जिंकलो! मी! भाडेकरार करणारा माणूस! मागच्या दारात जामीनकाका उभे होते, त्यांनी सुपारी थांबवून अंगठा दाखवला. आता माणसाने काय करावं? कागद गोळा करावेत, वाकून नमस्कार करावा आणि सासऱ्यांना धरून रिक्षात घालावं! पण मी सासऱ्यांकडे पाहिलं. पिंजऱ्यात उभे होते, मान खाली, कोटाचं बटण पिळत. लोखंड. पस्तीस वर्षांची शान, आणि कोर्टाने वर शिक्का मारून दिला, लोखंड. आणि बायको त्यांच्याकडे बघतही नव्हती. चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. हातात कागद होते, समोर मजकूर वाचून झालेला होता, आणि वीस वर्षांची सवय... जीभ सुटली हो! मी म्हणालो, 'मजकूर मान्य आहे? आणखी काही सांगायचं आहे का?'

जामीनकाकांनी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. आवाज आला मला त्याचा.

सासऱ्यांनी मान वर केली. 'आहे!' म्हणाले. मीटर वाचणाऱ्या माणसाचा आवाज नाही हो तो! 'मी गोळी झाडली असं म्हटलं कुणी? हे तज्ज्ञ म्हणाले तेच खरं! उलटी धरली आणि डोक्यात घातली! बिबट्याच्या! समोरासमोर! गोळीने काय, कुणीही मारील!'

झालं का समाधान? बंदूक होती तोवर शूर होते, आता तर बंदुकीशिवाय शूर! लोकांत कुजबुज, कॅशियर उठून उभा, आणि मागच्या बाकावर वनखात्याचा एक अधिकारी बसला होता, कुठल्या तरी चोरट्या लाकडाच्या केससाठी आलेला, निवांत डुलक्या घेत. 'बिबट्या' ऐकताच तो असा जागा झाला, जसा पगार झाला ऐकून होतो. 'महोदया, हा संरक्षित प्राणी आहे!' मी म्हटलं, 'अहो, पस्तीस वर्षं झाली!' तो म्हणाला, 'याला मुदत नसते!' सरकारी वकील तर आनंदाने वेडा व्हायचा बाकी. हातातून गेलेला आरोपी स्वतःच्या पायांनी परत आला, तोही सात वर्षांच्या कलमात! तिनाची सात करून आणली मी! एका प्रश्नात!

बाईंनी चष्मा काढला. 'तुमच्यासोबत त्या वेळी कोण होतं?' सासरे म्हणाले, 'आमची ही.' आणि तुम्हाला सांगतो, माझ्या जिवात जीव आला. सासूबाई! शेंगा! मांजर! त्या येतील, 'शुक' करतील आणि विषय संपेल. मी स्वतः त्यांना हात धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. कानात म्हटलं, 'आई, खरं तेच सांगा.' त्यांनी शपथ घेतली. बाईंनी विचारलं, 'बिबट्या होता?'

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते त्यांच्याकडे बघतच नव्हते, छताकडे बघत होते, ओठ घट्ट मिटून. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने पहिल्यांदा मान वर केलेली होती. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण तोंड चार वर्षांचं.

'होता,' सासूबाई म्हणाल्या. 'चांगला दांडगा होता. कंदील मीच धरला होता.'

कंदील धरला! म्हणजे काय झालं कळलं का तुम्हाला? वनखात्याच्या माणसाने तिथल्या तिथे वहीत लिहिलं, 'गुन्ह्यास साहाय्य.' आरोपी नंबर दोन! एकाला सोडवायला गेलो आणि दोघांना अडकवून आलो. जामीनकाका बाहेर भेटले, म्हणाले, 'चाळीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. तू भाडेकरारच कर.' अहो, मी काय वेगळं म्हणत होतो? पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून हेच सांगतोय!

घरी आलो. बायको आईच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडायची राहिली. मी सासूबाईंना गाठलं. फार रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, 'आई, अहो शपथेवर? एक मांजर म्हणायला काय जात होतं?' त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, 'जावईबापू, पस्तीस वर्षं तो बिबट्या मी पोसलाय. सगळ्यांसमोर त्याचं मांजर करू? मग यांचं काय राहिलं?'

यावर उत्तर आहे का कुठल्या कायद्यात? मी शोधलं. नाही. आणि खरं सांगू? राग उतरला आणि हेवाच वाटला. उद्या मी पिंजऱ्यात उभा राहिलो, तर माझी बायको कंदील धरेल का? धरायला काहीतरी लागतं ना आधी! मी कधी बिबट्या सांगितला तिला? लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, की गळक्या नळाची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरार करणारा माणूस, दुसरं काय सांगणार!

तर आता वनखात्याचं आरोपपत्र आलंय. नऊ पानांचं. मयत, बिबट्या, जो जन्मालाच आलेला नाही. आणि दोन आरोपी गुन्हा कबूल करायला एकमेकांच्या पुढे धावतायत. असा खटला चालवायचाय मला! मी पत्र घेऊन सासऱ्यांकडे गेलो, म्हटलं, आता तरी घाबरतील, आता तरी ऐकतील. त्यांनी भिंग लावून नऊच्या नऊ पानं वाचली. दोनदा वाचली. मग भिंग खाली ठेवलं, चेहरा पडला. मला वाटलं, चला, पोचली एकदाची सात वर्षं डोक्यात. मी हात हातात घेतला, म्हटलं, 'बाबा, काळजी करू नका, मी आहे.'

तर म्हणतात, 'काळजी नाही हो, जावईबापू. पण यांनी नुसतंच बिबट्या लिहिलंय. नरभक्षक म्हणून दुरुस्ती करून मिळते का बघा ना. तुमची ओळख आहे.'

मी काय करणार... अर्ज टाइप करायला घेतलाय.